शेवटच्या सहा घरांचं पाणी

सकाळचे साडेआठ. पूर्वी जिथं झेरॉक्सचं दुकान होतं त्या गाळ्यात आमच्या नगरसेविकाताईंचं जनसंपर्क कार्यालय. शटर अर्धं वर, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा, शिक्का, शाईचं पॅड आणि लग्नपत्रिकांची चळत. मी गेलो होतो सोसायटीसमोरच्या बंद दिव्यासाठी. नंबर यायला वेळ होता, म्हणून येणाऱ्यांची कामं मोजत बसलो. दीड तासात चौदा माणसं आली. नातीला शाळेत प्रवेश हवा, खासगी दवाखान्याचं बिल कमी करून हवं, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय, वीजबिल फुगलंय, पोराला रात्री चौकीत नेलंय, घरमालक डिपॉझिट परत देत नाही, मंडळाच्या पावतीपुस्तकावर पहिला आकडा ताईंनी घालायचाय. झाले सात. दोघं नुसती पत्रिका द्यायला आलेले. महापालिकेशी खरोखर संबंध असलेली कामं उरली पाच : तुंबलेलं चेंबर, मोकाट कुत्री, न येणारी घंटागाडी, माझा दिवा आणि पाणी.

पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या काकू गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या. "ताई, करंगळीएवढी धार येते हो. एक हंडा भरायला अर्धा तास. तोवर पाणी जातंच." गोष्ट 2018 च्या हिवाळ्यातली. गल्लीत घरं चाळीसेक, त्यातली शेवटची सहा कोरडी. ताईंनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बघते."

या 'बघते'मध्ये काय काय असतं, ते मला पुढची दोन वर्षं त्यांच्या मागे लागून कळलं. नगरसेवक म्हणजे गटार साफ करून देणारा, दिवा लावून देणारा माणूस अशी आपली ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली एकही माणूस नसतो. पाणी सोडणारा चावीवालादेखील कायद्यानं त्याच्या हुकमाचा ताबेदार नाही. चावीवाल्याचा साहेब कनिष्ठ अभियंता, त्याच्यावर उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अशी ती शिडी आयुक्तापर्यंत जाते, आणि आयुक्ताला नेमतं राज्य सरकार. महापौरसुद्धा या शिडीवर कुठे नाही. त्याचं काम सभा चालवण्याचं आणि शहराच्या वतीनं हार घालण्याघेण्याचं.

ही रचना अपघातानं झालेली नाही, आणि तिचा उगम मुंबईतल्या एका पैशाच्या भांडणात आहे. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा, रस्ते, गटारं, बाजार यांचा त्यांनी सपाटा लावला. पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि 1871 मध्ये करदाते खवळून उठले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं असं, की कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, पण त्याच्या डोक्यावर लोकांनी निवडलेली सभा बसवा. पैसा तिच्या हातात द्या. 1872 च्या कायद्यानं मुंबईला 64 सदस्यांचं कॉर्पोरेशन मिळालं, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानं तो साचा पक्का केला, तो आजही चालू आहे. राज्यातल्या इतर महापालिकांसाठी 1949 चा वेगळा कायदा आहे, पण साचा तोच : हुकूम आयुक्ताचा, तिजोरीची किल्ली सभेकडे. पुण्याची महापालिका याच कायद्याखाली 15 फेब्रुवारी 1950 रोजी उभी राहिली.

म्हणजे नगरसेवकाला कायद्यानं करायचं काय, तर विचारायचं, सुचवायचं आणि खर्चाला हो किंवा नाही म्हणायचं. बाकी सगळं पाठपुरावा. 'पाठपुरावा' हा शब्द नगरसेवकांच्या कार्य-अहवालात इतका झिजलाय, की वाचताना डोळा त्याच्यावरून घसरतो. पण त्यांच्या कामाचा नव्वद टक्के भाग खरोखर तोच असतो.

ताईंनी पहिलं पत्र क्षेत्रीय कार्यालयात आणि पाणीपुरवठा विभागात दिलं. देताना त्यांनी एक गोष्ट केली, ती मी लक्षात ठेवली. सोबत नेलेल्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकच्या कारकुनाकडून शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. "हा आकडा नसेल ना, तर आपण पत्र दिलंच नाही असं समजायचं," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : पाहणी करण्यात आली, पाण्याचा दाब योग्य असल्याचे आढळून आले. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला, की पाहणीला माणूस आला होता अकरा वाजता. गल्लीत पाणी येतं सकाळी सहा ते आठ. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. अकरा वाजता सगळ्याच घरांचा दाब सारखा होता, शून्य.

मग एका सकाळी ताई स्वतः गेल्या. सोबत एक वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरी बादली भरायला पन्नास सेकंद लागले. मधल्या एका घरी दोन मिनिटं. काकूंच्या नळाखाली अकरा मिनिटं झाली तरी बादली गळ्याशी आलेली नव्हती. तीन आकडे, तीन घरनंबर, वेळ आणि तारीख, एवढंच दुसऱ्या पत्रात लिहिलं. विशेषण एकही नाही. या पत्राला 'दाब योग्य' असं उत्तर देता येत नव्हतं.

अभियंता आले ते पहाटे सहालाच, आणि आले ते नेमकं बोट ठेवायला. "ताई, मधल्या घरांच्या मोटारी काढायला सांगा. थेट लाइनला लावल्यात. त्या बंद झाल्या की शेवटपर्यंत पाणी जाईल." नळाला थेट मोटार लावणं बेकायदा, जप्तीची तरतूद आहे, हे ताईंना ठाऊक होतं. कोणाकोणाकडे मोटारी आहेत हेही ठाऊक होतं. ती सगळी घरं मतदारांची, आणि सहापेक्षा संख्येनं पुष्कळ जास्त. ताईंनी त्या दिवशी मोटारींचा विषय टाळला आणि लाइनच्या व्यासाकडे वळवला. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो आणि इथंही लिहितो, की ती पळवाट होती. त्या हसून म्हणाल्या, "पळवाट तर पळवाट. तिथून पाणी गेलं म्हणजे झालं."

अर्थात व्यासाचा मुद्दाही खोटा नव्हता. गल्लीतली लाइन चार इंची, टाकली तेव्हा बैठी घरं होती. आता तिथं तीनमजली इमारती उभ्या होत्या. पाइपाचा व्यास दीडपट केला तर त्यातून जाणारं पाणी दीडपट वाढत नाही, जवळजवळ तिप्पट वाढतं. कारण छेदाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि शिवाय कडांना घासून वाया जाणारा जोर कमी होतो. म्हणून सहा इंची लाइन हा उपाय होता. फक्त तिला पैसे लागणार होते.

पाणी आणि नगरसेवक म्हटलं की महाराष्ट्रात एक नाव निघतंच. मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावच्या वस्त्यांमधल्या पाण्यासाठी त्यांनी सभागृहात भांडणं केली आणि बायकांचे हंडा मोर्चेही काढले. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना तिथून चिकटलं. त्याच 1961 मध्ये अहिल्या रांगणेकरही महापालिकेत आल्या. दोघींनी पुढं महागाईविरोधात लाटणं हातात घेतलं, लोकसभा गाजवली, पण लोकांच्या तोंडी मृणालताईंची ओळख राहिली ती नळाचीच. त्यांचं मर्म मला असं वाटतं, की सभागृहातला प्रश्न आणि रस्त्यावरचा मोर्चा या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी मानल्या नाहीत. मोर्चा नसेल तर प्रश्नाचं उत्तर सावकाश येतं. प्रश्न नसेल तर मोर्चा संध्याकाळी घरी जातो.

आमच्या ताई मोर्चेवाल्या नव्हेत. त्यांनी प्रश्न विचारला. महापालिकेच्या मुख्य सभेत सदस्याला प्रशासनाकडे लेखी माहिती मागता येते. त्यांनी विचारलं : या भागातल्या पाण्याच्या लाइन कोणत्या साली टाकल्या, व्यास किती, आणि झोनमधले किती व्हॉल्व्ह नादुरुस्त आहेत? उत्तर यायला महिना लागला. कारण ही यादी कुणाकडे तयारच नव्हती. उत्तर देण्यासाठी ती प्रथमच करावी लागली. काही व्हॉल्व्ह डांबराखाली गाडले गेले होते, रस्ता नवा करताना. त्यातला एक निघाला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, अर्धा मिटलेला. चावीवाल्यानं तो उकरून पूर्ण उघडला, तेव्हा अकरा मिनिटांतही न भरणारी काकूंची बादली सात मिनिटांत भरू लागली. फुकटात. नगरसेवकाच्या हातातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार कोणतं असं कुणी विचारलं, तर मी लेखी प्रश्न म्हणेन. ठेकेदारांच्या नावापलीकडे सभागृहात काहीच न विचारता पाच वर्षं काढणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आता पैसे. पुण्यात अंदाजपत्रकाला जोडून नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची एक यादी असते, तिला सगळे 'स' यादी म्हणतात. बाकडी, लादीकरण, कमानी, दिशादर्शक फलक, उद्यानातली खेळणी, समाजमंदिराचं रंगकाम. ही यादी चाळली की नगरसेवकाचा स्वभाव कळतो. ताईंच्या त्या वर्षीच्या यादीत बाकड्यांचा एक मोठा आकडा होता. बाकड्यांचा फायदा असा, की पाठीवर नाव रंगवता येतं. संध्याकाळी म्हातारी माणसं त्यावर बसतात आणि नाव पाच वर्षं रस्त्याकडे बघत राहतं. सहा इंची लाइन जमिनीखाली जाते. वर डांबर, डांबरावर गाड्या. तिथं आत काय आहे आणि कुणी घातलं, ते वर्षभरात विसरलं जातं.

एका शीर्षकाखालचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर 'वर्गीकरण' करावं लागतं. तसा प्रस्ताव स्थायी समितीत जातो, मग मुख्य सभेत. या 1949 च्या कायद्याखालच्या महापालिकांत स्थायी समितीत 16 सदस्य असतात आणि दर वर्षी निम्मे निवृत्त होतात, त्यामुळं दर वर्षी नव्यानं ओळखीपाळखी कराव्या लागतात. ताईंनी बाकड्यांतले पैसे पाइपाकडे वळवण्याचा प्रस्ताव दिला. घरातूनच विरोध झाला. त्यांचे यजमान म्हणाले म्हणे, की निवडणूक काय पाइपावर लढणार का. (सुरुवातीच्या दिवसांत लोक कार्यालयात येऊन "भाऊ आहेत का?" असंच विचारायचे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. तरी 'भाऊ' विचारण्याची सवय जायला प्रत्येक वॉर्डात एखादी बादलीची सकाळ लागते.)

शहराचा पैसा दिखाऊ गोष्टीवर घालायचा की गरजेच्या, हा वाद पुण्याच्या नगरपालिकेत फार जुना आहे. जोतीराव फुले 1876 मध्ये तिचे सरकारनियुक्त सदस्य झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. जोतीरावांचं म्हणणं, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. ठराव झाला, 32 सदस्यांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचं. पुढं शहरासाठी भव्य मंडई बांधायची निघाली, तेव्हाही त्या खर्चाला त्यांनी विरोध केला. ती 1886 मध्ये उभी राहिली, गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट म्हणून. पन्नासेक वर्षांनी आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत होते, त्यांच्या पुढाकारानं तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं. मुंबईत ज्या क्रॉफर्डसाहेबांच्या खर्चावरून करदाते चिडले होते, त्यांच्या नावाचं मार्केटही आज कागदोपत्री महात्मा फुले मंडईच आहे. जोतीरावांना याची गंमत वाटली असती की संताप आला असता, मला ठरवता येत नाही.

ताईंच्या प्रस्तावाला स्थायी समितीत एकदा 'पुढील बैठकीत' मिळालं, दुसऱ्यांदा मंजुरी. त्यांची मुख्य भीती वेगळी होती : 'दफ्तरी दाखल'. प्रस्ताव फेटाळला तर बोंब होते, वर्तमानपत्रात येतं. दफ्तरी दाखल केला की तो फाइलीत जातो आणि तिथंच राहतो. कुणी मारला असं म्हणता येत नाही.

मंजूर झालेल्या ठरावाचंही पुढं काही होईलच असं नाही. 1949 च्या कायद्याच्या 451 व्या कलमाखाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव 'विखंडित', म्हणजे रद्द, करू शकतं. आणि सरकारनं हात लावला नाही, तरी ठराव म्हणजे नुसता कागद असू शकतो, याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण महाडचं आहे. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनं 1924 च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. ठराव झाला, तळ्याच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. पाणी भरायला कुणी उतरू शकलं नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्या तीन वर्षांच्या कागदाला पहिल्यांदा अर्थ आला. त्याच नगरपालिकेनं 4 ऑगस्ट 1927 रोजी तो ठराव रद्द केला, आणि बाबासाहेबांना डिसेंबरात पुन्हा महाडला यावं लागलं. म्हणून सभागृहात ठराव आणणाऱ्याला हलकं लेखू नये आणि ठराव झाला म्हणून पेढेही वाटू नयेत. आपल्या नगरसेवकांना दुसरी गोष्ट फार आवडते.

आमच्या गल्लीच्या ठरावाची मंजुरी मे महिन्यात आली. म्हणजे निविदा काढेपर्यंत पावसाळा, आणि पावसाळ्यात रस्ताखोदाई बंद. चार महिने तसेच. काकू दर सोमवारी कार्यालयात येऊन नुसत्या बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. ताई म्हणायच्या, मोर्चा परवडला. पाऊस सरल्यावर निविदा निघाली, एक ठेकेदार आला, त्यानं खोदायला घेतलं तर मधे इंटरनेटवाल्यांच्या केबली आणि कुणालाच ठाऊक नसलेली एक जुनी ड्रेनेज लाइन. नकाशात ती नव्हती. चावीवाल्याला मात्र ठाऊक होती. तो गेली बावीस वर्षं या भागात किल्ली फिरवतोय. "मला कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

काम पूर्ण झालं फेब्रुवारी 2020 मध्ये. गल्लीच्या तोंडाशी फलक लागला. त्यावर नावं चार.

हे चार नावांचं प्रकरण मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राचं आहे. मुंबईत 227 प्रभाग आणि प्रत्येकाला एक नगरसेवक. 2011 च्या जनगणनेप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 55 हजार माणसं. पुण्यात 2007 मध्ये एका प्रभागाला एकच नगरसेवक होता, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. सरकार बदललं की प्रभागरचना बदलते, आणि प्रत्येक वेळी कारण लोकहिताचंच दिलं जातं. चारसदस्यीय प्रभागात मतदार चार बटणं दाबतो. मग चेंबर तुंबलं की कुणाकडे जायचं? चौघं आपापसात अलिखित वाटणी करतात : गल्ली एक ते नऊ तुझ्या, कालव्यापलीकडच्या माझ्या. ती वाटणी लोकांना कुणी सांगत नाही. गैरसोयीचं काम असेल तर प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे, आणि काम झालं की फलकावर चौघं हसत उभे. आमच्या फलकावरच्या चौघांपैकी एका सन्माननीय सदस्यांनी ती गल्ली पाहिली होती का, याची मला शंका आहे. ताईंनी आक्षेप घेतला नाही. "मुख्य सभेत मतं लागतात हो चौघांची," त्या म्हणाल्या.

या सगळ्याचं मानधन पुण्यात महिन्याला 20 हजार रुपये. कार्यालयाचं भाडं, तिथल्या पोराचा पगार, लग्नांतले आहेर, मंडळांच्या वर्गण्या त्यात भागत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. उरलेलं कुठून येतं याची उत्तरं दोनच : घरचं, नाहीतर ठेक्यातलं. कायदा त्याबाबतीत कडक आहे. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध निघाले तर सदस्यत्व जातं, बेकायदा बांधकामाला आडून मदत केली तरी जातं. कितीजणांचं गेलं हे वाचकानं आपापल्या शहरात आठवून पाहावं. पण मला यातली खरी अडचण जरा अलीकडची वाटते. लोकांनी ताईंकडे मागितलेल्या चौदा कामांतली नऊ पालिकेची नव्हतीच. ती न करणारा नगरसेवक निवडून येत नाही, आणि ती करण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला अंदाजपत्रक वाचायला रात्रसुद्धा उरत नाही. मुंबईचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं. त्यातल्या एका ओळीवर नीट बोललेला नगरसेवक दवाखान्याच्या शंभर बिलांइतकं काम करतो, फक्त ते कुणाला दिसत नाही.

लोकांना थेट विचारण्याच्या वाटा कागदावर आहेत. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभा आली, म्हणजे मतदारांनी गावच्या ग्रामसभेसारखं बसून बोलायचं. आमच्या भागातली क्षेत्रसभा मी अजून पाहिलेली नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून शहरांना घटनेत जागा मिळाली; निवडणूक पाच वर्षांची मुदत संपण्याआधी झालीच पाहिजे, असंही तिथं लिहिलंय.

झालं काय, ते आपण पाहिलं. 2020 मध्ये औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूरची मुदत संपली, 2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याची, आणि एकेक करून सगळ्या महापालिकांत प्रशासक बसले. करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचे वाद. प्रशासक म्हणजे बहुतेक ठिकाणी आयुक्तच. प्रस्ताव मांडायचा आयुक्तानं, आणि स्थायी समिती व मुख्य सभा यांच्या वतीनं तो मंजूर करायचा प्रशासकानं. सही एकच, टेबल एकच. काही कामं त्या काळात झपाट्यानं झाली हे मान्य करायला हवं. विचारणारं कुणी नसलं की वेग येतोच. ताईंनी लेटरहेडवर नावाच्या आधी बारीक टायपात 'माजी' छापून घेतलं आणि पत्रं चालू ठेवली. अभियंते फोन उचलायचे, जुन्या ओळखीखातर. लेखी प्रश्न मात्र विचारता येत नव्हता, कारण ज्या सभेत तो विचारायचा ती सभाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 रोजी निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा चक्रं हलली आणि 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं.

ताई उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी आता तिशीतला एक मुलगा निवडून आलाय. त्याचं कार्यालय पलीकडच्या चौकात, खुर्च्या त्याच प्लॅस्टिकच्या, पत्रिकांची चळत तीच. फेब्रुवारीत मी तिथं गेलो तो माझा तोच दिवा पुन्हा बंद पडला म्हणून. पुढच्या खुर्चीवर शेजारच्या गल्लीतले एक आजोबा बसले होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद.

आमच्या गल्लीत सहा इंची लाइन पडली, काकूंची बादली दीड मिनिटात भरू लागली आणि त्याच आठवड्यात आजोबांच्या गल्लीतला दाब पडला होता. दोन्ही लाइन एकाच मोठ्या लाइनवरून निघतात. एका तोंडाला जास्त मिळालं की दुसऱ्याला कमी. आजोबांनी तेव्हाच ताईंकडून पत्र नेऊन दिलं होतं. महिन्यानं टाळेबंदी लागली, पुढं मुदत संपली, मग प्रशासक.

"भाऊ, आमच्याकडं धारच येत नाही बघा," आजोबा म्हणाले.

त्या मुलानं कागद पिशवीतून काढला, उलटसुलट करून पाहिला. "यावर आवक क्रमांक आहे का आजोबा?"

"आहे ना. 2020 चा."